आधी जागा, मग वस्तू

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा. त्या वर्षी एका सकाळी तोंड धुऊन ओटीवर आलो तर माझी खुर्ची हलवलेली, आणि तिच्या चार पायांभोवती फरशीवर लाल चिकटपट्टीचे चार कोपरे मारलेले.

आमच्या तळवलीत कुणी जमिनीवर खूण केली की समजायचं, काहीतरी जाणार. नव्या शहरासाठी शेतं गेली, मिठागरं गेली, तेव्हाही आधी खुणाच आल्या होत्या. मी ओरडलो, "कोन आयला व्हता मोजनीला?"

वरून जिन्यातून उत्तर आलं, "मोजणी नाही आबा, मी आहे. मीच लावल्यात. खुर्ची आता हलवू नका. तिथं दुपारी चारपर्यंत ऊन येत नाही."

"खुर्ची माझी, ओटी माझी, ऊन येतंय ते माझ्या अंगावर. तुला काय त्रास?"

"बघा की बसून."

बसलो नाही. खुर्ची मुद्दाम हातभर पुढे ओढली आणि आठ दिवस उन्हात बसलो. नवव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं तेव्हा खुर्ची मागे गेली. मी नेली नाही. ओटीला जरा उतार आहे.

ही प्रज्ञा सोनवणे. माझी वरच्या खोलीतली भाडेकरू. तेव्हा वय चौतीस, अंगाने काडी, खांद्याला एक कळकट पिशवी आणि मनगटात बांगड्यांच्या जागी चिकटपट्टीची रिळं. लाल, पिवळं, पांढरं. लोक हातात घड्याळ घालतात तशी ही रिळं घालायची. गाव लातूरकडे. शिक्षण विचारलं तर म्हणाली, नाट्यशास्त्रात एम.ए.

मी तिसरी पास, चौथी नापास. शिकलेल्या माणसाला मी मान देतो, पण वकिलीची पदवी ऐकली होती, डॉक्टरकीची ऐकली होती. नाटकाची पदवी पहिल्यांदा ऐकत होतो.

"त्यात नापास झालं तर काय करतात? परदा पारतात?"

"मी पहिली आले होते आबा. प्रकाशयोजनेत."

"म्हंजे?"

"कुणावर उजेड पाडायचा ते ठरवणं."

"आनि तुझ्यावर?"

ती हसली. तिची ती सवयच. अडचणीचं विचारलं की हसायची आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागायची.

खोली तिला कशी दिली तेही सांगतो. आमच्याकडे यायच्या आधी तिने आसपास चार-पाच ठिकाणी विचारलं होतं. सगळीकडे नाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. एवढ्या खोल्या एका दिवसात गेल्याचं मी आयुष्यात ऐकलं नाही. माझ्याकडे आली तेव्हा धर्मा भोईर ओटीवर बसला होता. धर्मा म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचाच दुश्मन. तो माझ्या कानाशी आला, "बालाराम, इचार कर हां. लोकं बोलतील."

झालं. मला कुणी विचार कर म्हटलं की माझा विचार तिथंच संपतो. मी उठलो आणि किल्ली तिच्या हातात दिली. धर्माला म्हणालो, "बोलूंदे. लोकांना तोंड कनाला दिलंय?"

पण एक अट घातली. तिच्या आधी त्या खोलीत एक माणूस राहायचा. आला तेव्हा एकटा. महिन्याने भाऊ आला, मग भावाची बायको, मग तिची आई, मग कोण कोण. एके दिवशी टाकीतलं पाणी सकाळी सातलाच संपलं, तेव्हा वर जाऊन बघितलं तर आठ माणसं जेवायला बसलेली. मलाही ताट वाढत होते. तेव्हापासून माझा कायदा. एजंटाकडून कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून घेतलं: खोली एकाच माणसाला. दुसरं माणूस आलं की खोली खाली. प्रज्ञाने सही केली. सही करताना ती जरा थांबली होती. मला वाटलं, पेन चालत नसेल.

तिचं सगळंच अकरा महिन्यांचं. खोली अकरा महिन्यांची, नोकरीही अकरा महिन्यांची. आधी पनवेलकडे एका सभागृहात बुकिंग बघायची, मग खांदेश्वरला वस्तीतल्या बायकांना घेऊन नाटक बसवलं, मग वाशीला नाट्यगृहात लागली. काम काय, विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायची. कधी पडद्यामागची व्यवस्था, कधी खुर्च्या, कधी माणसं. "म्हणजे आबा, नाटकवाले सोडून बाकी सगळं मी," असं एकदा म्हणाली.

तिचे दोन शब्द आमच्या आळीत सगळ्यांना पाठ झाले. एक, 'स्टँडबाय'. म्हणजे तयार राहा, पण मी सांगेपर्यंत हलू नका. गॅसवाला सिलिंडर घेऊन जिन्याखाली आला की ही वरून, "दादा, स्टँडबाय!" तो सिलिंडर खांद्यावर घेऊन उभाच. रिक्षावाल्याला म्हणायची. मांजराला म्हणायची. एकदा मलाही म्हणाली. मी हललो. मुद्दाम हललो.

दुसरं तिचं वाक्य होतं, "आधी जागा, मग वस्तू." कुठलीही गोष्ट आणायच्या आधी ती तिची जागा पट्टीने आखायची. आमच्या जिन्याखाली एक चौकोन आखला. महिनाभर तो रिकामा. लोक ओलांडून जायचे, विचारायचे, हे काय? ती म्हणायची, "कुंडी आहे." "कुठं आहे?" "येईल की. आधी जागा, मग वस्तू. जागा केली की वस्तू वाट काढत येते." आणि खरंच, कोपरखैरण्याच्या कुठल्या तरी सोसायटीने टाकून दिलेली कुंडी ती रिक्षात घालून घेऊन आली. तुळशीसकट. बरोबर चौकोनात बसली.

मी म्हणालो, "नशीब. हत्ती आखला नाय."

एकदा मला नाट्यगृहात घेऊन गेली. मी पांढरा शर्ट घातला, टोपी घातली, पुढच्या रांगेत बसलो आणि तीन तास तिची वाट बघितली. राजा आला, वकील आला, एक रडणारी बाई आली. प्रज्ञा काही आली नाही. नाटक संपल्यावर भेटली, घामाने निथळत.

"तू कवा आयलीस?"

"दुसऱ्या अंकात अंधार झाला, आठवतंय? उजेड आला तेव्हा सोफा गेलेला आणि तिथं खाट आलेली."

"हां."

"ती मी."

"खाट?"

"खाट आणणारी, आबा!"

मग मला रंगमंचावर नेलं. दिवे घालवायला सांगितले. काळाकुट्ट अंधार झाला आणि पायाखालच्या फळ्यांवर बोट-बोटभर हिरव्या पट्ट्या चमकायला लागल्या, काजव्यासारख्या. एक इथं, एक तिथं, आणि मग एक रांग सरळ विंगेपर्यंत. "उजेड पिऊन ठेवतात या पट्ट्या," ती म्हणाली. "अंधारात कुणी पडू नये म्हणून. पहिल्या वर्षी एक म्हातारे नट माझ्यासमोर पडले ओ आबा. मी पट्टी लावायला विसरले होते." हे सांगताना ती हसली नाही. त्या अंधारात मी तिचा हात धरून खाली उतरलो. तिला वाटलं तिने माझा धरलाय. वाटू दे.

रोज संध्याकाळी साडेसहाला तिच्या आईचा फोन यायचा. वर खोलीत रेंज धड नाही, फोन वाजतो पण आवाज तुटतो, म्हणून ती खाली जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत बसायची आणि फोन मांडीवर मोठ्या आवाजात ठेवायची. त्यामुळे त्या माउलीला न बघता मी चांगला ओळखायला लागलो. नवरा वारला, गावात एकटी, एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने धुकं. रात्री न्हाणीकडे जाताना अंगणात दोनदा पडली होती.

"जय भीम आई. जेवलीस का?"

"जेवले माय. माझी सोय झाली का गं तिकडं?"

"बघायलेय आई. होईल."

"लवकर बघ माय. पाय अंदाजानं टाकायलेय मी आता."

"पुढच्या महिन्यात नक्की."

असे पुढचे महिने मी सात-आठ ऐकले. मी खुर्चीत पेपर धरून बसलेलो असायचो. मनात म्हणायचो, पोरगी मोठी खोली शोधत असेल. माझा काय संबंध? माझा कागद सरळ आहे. कागदावर एक माणूस लिहिलंय. खरं सांगायचं तर त्या वेळी पेपर कधी कधी माझ्या हातात उलटा असायचा.

त्याच साली तिला नवं काम मिळालं. आमच्याच गावात, म्हाताऱ्यांना घेऊन मिठागराचं नाटक करायचं. आमच्याकडून आठवणी घ्यायच्या आणि आम्हीच त्या सांगायच्या. मी नाही म्हणालो. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचो. मग तिने धर्माला विचारलं. धर्मा हो म्हणाला आणि सांगत सुटला की बालारामला मिठातलं काय कळतंय. तेव्हा मला जावं लागलं.

नाटकाला सामान गोळा करताना ती गच्चीवर गेली आणि ताडपत्रीखालची खाट बघून आली. नवारीची, लाकडी पायांची, जुनी.

"आबा, ती खाट द्या की आम्हाला. दोन दिवसांसाठी."

"ती नाय मिलनार."

"जपून वापरू ओ."

"हात पन लावायचा नाय."

ती माझी बायको चांगुणा हिची खाट. शेवटची दोन वर्षं ती त्या खाटेवर होती. मुलगा ऐरोलीला राहतो, त्याने दोनदा भंगारवाल्याला बोलावलं, मी दोनदा भंगारवाल्याला हाकललं. प्रज्ञाला यातलं काहीच मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. हात मागे बांधून खाटेभोवती एक फेरी मारली, डोकं जरा वाकडं करून बघितलं आणि म्हणाली, "मापाला चांगली आहे." आणि खाली गेली.

आता त्या मैदानाची गोष्ट. गावदेवीच्या देवळापुढे मोकळी जागा आहे. एका रविवारी प्रज्ञाने आम्हा आठ-दहा म्हाताऱ्या-म्हातारींना तिथं जमवलं. हातात फक्कीची बादली, कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी भुकटी. म्हणाली, "तुमचं मिठागर इथं आखायचंय. कुठं काय होतं, सांगा. तुम्ही सांगाल तशी मी रेघ मारते."

आम्ही सांगत गेलो. इथं खाडी. इथं उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं दार. इथं मोठे बांध. आणि मग कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे चौकोन. ही माझ्या बापाची, ही धर्माच्या बापाची, मध्ये एकच बांध. पोरगी वाकून वाकून रेघा मारत होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली.

आखून झालं. धर्माला पलीकडची पाण्याची बाटली हवी होती. तो सरळ निघाला.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "धर्म्या! बांधावरून ये! मिठात पाय घालतंस?"

मीठ धरलेल्या कोंडीत कुणी उगाच पाय घालत नाही. खालचा चिखल वर येतो, मीठ काळं पडतं. धर्माने पाय उचलला आणि तसाच धरला, बगळ्यासारखा. खाली बघितलं. मग मागे फिरला आणि गुपचूप रेघेवरून चालत गेला, दोन्ही हात पसरून तोल सांभाळत. त्यानंतर एकाही म्हाताऱ्याने रेघ मोडली नाही. पाणी प्यायला, मुतायला, सगळे बांधावरूनच.

तिथंच थांबलं असतं तर बरं. पण परत येताना धर्मा मध्येच उभा राहिला.

"ह्यो बांध इथं नव्हता. अर्धा हात तिकरं व्हता. तुझ्या बापाने सरकवलाय."

"माझ्या बापाने? तुझा बाप रोज सकाली फावरं घेऊन काय करायचा ते सगल्या गावाला माहीत हाय!"

"बापावर जाऊ नको, बालाराम!"

"तू गेलास आधी!"

आम्ही एकमेकांचे शर्ट धरले. दोघांची वयं मिळून दीडशेला सहा कमी. तो बांध जाऊन चाळीस वर्षं झाली. ती कोंडी जिथं होती तिथं आता कुठल्याशा टॉवरच्या गाड्या उभ्या राहतात. बाकीचे हसत होते. प्रज्ञा हसली नाही. झाडू घेऊन आली, रेघ पुसली आणि अगदी शांतपणे विचारलं, "नक्की कुठं होता बांध? दोघांनी मिळून सांगा. मी थांबते."

तासभर घातला आम्ही. पावलं मोजली, देवळाच्या पायरीवरून अंदाज घेतला, कुणाच्या आजीची शपथ घातली. शेवटी रेघ मारली ती बरोबर पहिल्या जागेवर. धर्मा म्हणाला, "हां, आता बरोबर हाय."

घरी येताना मी तिला विचारलं, "आमी भांडत होतो तवा तू गप कनाला?"

"नसलेल्या बांधासाठी कुणी भांडतं का आबा? बांध होता तिथं. मला दिसला."

प्रयोगात तिने आम्हाला तेच भांडण करायला लावलं. संध्याकाळी, सूर्य असतानाच. सगळं गाव जमलं. बाहेरून राहायला आलेले भाडेकरूही आले. आम्ही भांडलो आणि लोक हसले, मग म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या, मग धर्मा खरंच रडायला लागला आणि माझं पुढचं वाक्य राहून गेलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी प्रज्ञाला पुढे बोलावलं. ती आली नाही. बघितलं तर देवळामागे वायरी गुंडाळत होती. मग झाडू घेतला आणि मिठागर झाडायला लागली.

"राहूंदे की गो," मी म्हणालो.

"प्रयोग संपला की खुणा उचलायच्या आबा. नाहीतर पुढच्या माणसाचा गोंधळ होतो. उद्या पोरांना इथं क्रिकेट खेळायचंय."

माझ्या बापाची कोंडी तिने दोन मिनिटांत झाडून टाकली. पण झाडताना बांधावरून चालत होती. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आमच्या घरातली लाइट गेली. आळीत सगळीकडे होती, फक्त आमची नाही. वरच्या मीटरच्या पेटीत काहीतरी उडालं असेल म्हणून मी जिना चढलो. पेटी प्रज्ञाच्या खोलीच्या आत आहे. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि थांबलो.

खोलीत जवळजवळ काही नव्हतं. एका कोपऱ्यात वळकटी, एक स्टो, दोन भांडी, पुस्तकांचा ढीग. बाकी सगळी फरशी मोकळी. आणि त्या अंधाऱ्या फरशीवर हिरव्या पट्ट्या चमकत होत्या. नाट्यगृहात बघितल्या तशा. खिडकीखाली चार कोपरे, लांबट. त्यांच्या उशाशी एक छोटा चौकोन. आणि त्या चार कोपऱ्यांपासून मोरीच्या दारापर्यंत, वीत-वीतभर अंतरावर, एकामागे एक, एक रांग. जवळ जवळ पावलं टाकणाऱ्या माणसाची.

मी पेटीकडे जायला निघालो. मागून जिन्यातून प्रज्ञा वर आली, हातात भाजीची पिशवी.

"आबा, खाटेवरून जाऊ नका ओ!"

मी पाय उचलला आणि तसाच धरला.

मग वळसा घालून गेलो. पेटी उघडली, बटण वर केलं, लाइट आली. लाइटीत त्या पट्ट्या अगदी फिक्या, पिवळट, काही नसल्यासारख्या दिसायला लागल्या. ती दारातच उभी होती. हसली, आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

"नाटकाचं आहे," ती म्हणाली.

"कनच्या नाटकाचं?"

तिने पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि परत आत ठेवली.

"उशाशी काय हाय?"

"तांब्या," ती म्हणाली. "आईला रात्री तहान लागते."

खिडकीतून खालची आळी दिसत होती. धर्मा कुणाशी तरी बोलत होता, मोठमोठ्याने. जिला दिसत नाही, तिला इथून निदान ऐकू येईल.

"कवाधरनं हाय हे आखलेलं?"

"आले त्याच आठवड्यात आखलं. पट्ट्या निघतात मधून मधून, परत लावते."

"मना इचारलं का नायस?"

तिने पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही शब्दाचे पक्के आहात आबा. मी विचारलं असतं, तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला दुसरी खोली बघावी लागली असती. परत नाव सांगा, मग आडनाव सांगा. एकटीचं मी करते कसंही. आईला सोबत घेऊन दारोदार ते ऐकायची माझी हिंमत नाही ओ. आणि मला या ओटीची सवय झालीये."

तेवढ्यात साडेसहा वाजले. तिच्या हातातला फोन वाजायला लागला. ती खाली रेंजमध्ये जायला वळली आणि मी म्हणालो, "थांब. स्टँडबाय."

तो शब्द माझ्या तोंडून कसा आला, माहीत नाही. ती थांबली. फोन वाजत राहिला. माझ्या आयुष्यात मी घातलेली अट मी कधी मागे घेतलेली नाही. बायकोलाही नाही. चांगुणा म्हणायची, तुमचा शब्द म्हणजे मिठातला खिळा, गंजेल पण निघणार नाही. मी त्या चार कोपऱ्यांकडे बघितलं, वळसा घालून दारापर्यंत आलो, आणि एवढंच म्हणालो, "पेटीचं बटण ढिलं झालंय. उद्या सकाली येतो मी परत. घरात राहा."

आणि खाली आलो. ओटीवर माझी खुर्ची होती, तिच्या लाल कोपऱ्यांत. बसलो. मागे जिन्यात ती आईला सांगत होती, "बघायलेय आई. होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी धर्माला उठवलं. गच्चीवर नेलं. ताडपत्री काढली. धर्माने खाटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो चांगुणाच्या माहेरच्या आळीतला. न सांगता ताडपत्रीची घडी घालून ठेवली. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

एका बाजूला मी, एका बाजूला तो. गच्चीवरून खाली उतरायचं म्हणजे अरुंद जिना, मध्ये एक वळण.

"उचल."

"तू उचल आधी. नेहमी मीच कनाला?"

"धर्म्या, स्टँडबाय बोल्लो ना? मी सांगीन तवा."

"तू कोन मना सांगनारा?"

असे भांडत भांडत आम्ही ती खाट खाली आणली. वळणावर एक पाय भिंतीला घासला, चुना पडला. भिंत माझी आहे, पडू दे. प्रज्ञाने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. तो तसाच राहिला. आम्ही दोघे मोरीच्या बाजूने वळसा घालून, पट्ट्यांच्या रांगेवर पाय न देता खिडकीपाशी गेलो आणि खाट कोपऱ्यांवर टेकवली.

बसली नाही. तीन पाय खुणेवर, एक पाय चार बोटं बाहेर. गच्चीवर फेरी मारताना नजरेनेच घेतलेलं माप, आणि त्यावरून परत लावलेल्या पट्ट्या. हात लावू दिला नव्हता मी.

धर्मा म्हणाला, "खाट सरकव."

"खाट नाय सरकनार," मी म्हणालो.

गुडघे वाजवत मी फरशीवर बसलो. नखाने ती पट्टी एका कोपऱ्यातून सोडवली, सावकाश, फाटू न देता. चार बोटं बाहेर नेली. पायाशी बरोबर लावली आणि चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.